ईली मूरची दोन भाषणे

अमेरिकी काँग्रेसच्या आजवरच्या सभासदांची एक अधिकृत चरित्रसूची आहे. तिच्यात ईली मूर या माणसाची छोटीशी नोंद आहे. ४ जुलै १७९८ रोजी न्यू जर्सीतल्या बेल्व्हिडियरजवळ जन्म. सार्वजनिक शाळेत शिक्षण, मग न्यूयॉर्क शहर. वैद्यकीचा अभ्यास केला, पण तो सोडून छपाईचा धंदा आणि संपादकी धरली. १८३३ मध्ये न्यूयॉर्कच्या जनरल ट्रेड्स युनियनचा पहिला अध्यक्ष. ४ मार्च १८३५ ते ३ मार्च १८३९ प्रतिनिधीगृहाचा सभासद. पुढे न्यूयॉर्क बंदराचा सर्व्हेयर, मग केंद्र सरकारचा मार्शल, मग गावाकडच्या 'वॉरन जर्नल'चा मालक-संपादक. १८५३ मध्ये कॅन्ससकडच्या मायामी आणि इतर आदिवासी जमातींसाठी नेमलेला सरकारी एजंट. १८५५ पासून लेकॉम्प्टनच्या जमीन-कचेरीचा रजिस्टर, म्हणजे नोंदणी अधिकारी. २७ जानेवारी १८६० रोजी लेकॉम्प्टनलाच मृत्यू.

नोंदीत चूक काही नाही. पण अशा नोंदींत एका हुद्द्यामागून दुसरा हुद्दा येत जातो आणि माणूस एकातून दुसऱ्यात कसा गेला हे कळत नाही. कामगार चळवळीच्या इतिहासकारांना मूर ठाऊक आहे तो अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेलेला पहिला कामगार पुढारी म्हणून. लेकॉम्प्टन हे नाव मात्र गुलामगिरीचा इतिहास वाचणाऱ्यांच्या परिचयाचे. कॅन्ससला गुलामगिरी मान्य करणारे राज्य म्हणून संघराज्यात घ्यावे, अशी घटना १८५७ मध्ये याच गावात लिहिली गेली. न्यूयॉर्कच्या मुद्रक-शिंप्यांचा कैवारी आयुष्याच्या अखेरीस या गावातल्या सरकारी खुर्चीवर कसा येऊन बसला? पुढारी सत्तेच्या नादी लागला आणि बिघडला, हे उत्तर तयारच असते. मूरच्या बाबतीत ते मला पटत नाही. त्याची छापील भाषणे, युनियनच्या बैठकींची इतिवृत्ते आणि एक वादग्रस्त सरकारी अहवाल शेजारीशेजारी ठेवून वाचले की वेगळे चित्र दिसते. या माणसाने भूमिका फारशी बदललीच नाही. ती भूमिका काय होती, हे मात्र नीट वाचावे लागते.

सुरुवात सुतारांपासून करावी लागते. १८३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सुतारांनी काम बंद केले. हे सुतार शिकाऊ नव्हते आणि मालकही नव्हते. उमेदवारी पुरी करून रोजावर काम करणारे ते कारागीर. दिवसाला १ डॉलर साडेसदतीस सेंट मिळत, त्यांना दीड डॉलर हवा होता. मागणी साडेबारा सेंटची, पण तिच्यापाठीमागे मोठा बदल होता. पूर्वीचा मालक-कारागीर स्वतः रंधा मारी आणि हाताखालच्या माणसाला उद्याचा मालक समजे. आता घरबांधणी ठेकेदारांच्या हाती गेली होती. ठेकेदाराचे भांडवल उसने, त्याचा नफा मजुरी दाबण्यातून निघायचा, आणि रोजावरचा सुतार आयुष्यभर रोजावरच राहणार हे दिसू लागले होते. या संपाला इतर धंद्यांतल्या कारागिरांनी पैसे दिले. त्यात मुद्रक पुढे होते. महिनाभरात सुतार जिंकले आणि एका धंद्याच्या संपाला दुसऱ्या धंद्याची गंगाजळी उपयोगी पडते, हा धडा सगळ्यांनी घेतला. त्याच ऑगस्टमध्ये नऊ धंद्यांच्या प्रतिनिधींनी मिळून जनरल ट्रेड्स युनियन स्थापन केली. अध्यक्षपद गेले मूरकडे. त्याचे वय पस्तीस.

मूरच का? तो मुद्रक होता. छापखान्यातला माणूस वाचतो, लिहितो, वर्तमानपत्राच्या कचेरीत उठबस करतो. त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांत मुद्रकांचा भरणा होता तो यामुळेच. शिवाय मूर बोलायचा फर्डा. समकालीनांच्या वर्णनांत तो उंचापुरा, कपाळावरून मागे वळवलेल्या काळ्या कुरळ्या केसांचा, झकपक कपड्यांतला आणि हातात हस्तिदंती मुठीची काठी घेतलेला दिसतो. लग्नही त्याने शहराच्या राजकारणात वजन असलेल्या कूटंट घराण्यात केले होते. कामगाराचा पुढारी फाटक्या कोटात हवा, ही अपेक्षा नंतरची. १८३३ च्या कारागिराला आपला पुढारी रुबाबदार असलेलाच आवडत असावा, कारण त्याची लढाई जितकी मजुरीची होती तितकीच मानाची.

२ डिसेंबर १८३३ रोजी युनियनने शहरातून मिरवणूक काढली आणि शेवटी चॅटम स्ट्रीटच्या चॅपलमध्ये मूरचे भाषण झाले. मिरवणुकीतल्या युनियनच्या निशाणावर आर्किमिडीज होता, तरफेने अख्खा डोंगर उचलणारा. निशाण निवडणारांनी देव किंवा राजा निवडला नाही. त्यांनी यंत्रविद्येचा जाणता निवडला. आणि डोंगर हलतो तो बळाने नव्हे, तर टेकू योग्य जागी लावल्याने, हे त्या चित्रात आहे. भाषण त्याच वर्षी पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले, म्हणून ते आपल्या हाती आहे.

पुस्तिका आज वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती तिचा सावधपणा. मूर सुरुवात करतो मनुष्यस्वभावापासून. स्वार्थ माणसात जन्मजात आहे, त्याला आवर घालायला कोणी नसले की तो दुसऱ्याच्या हक्कावर चाल करतो, म्हणून दुबळ्यांनी एकत्र येणे हा निसर्गाचाच न्याय, असा त्याचा मुद्दा. मग युनियनची उद्दिष्टे येतात: श्रीमंतशाहीच्या आक्रमणाला अडवणे, कारागिरांचे नैसर्गिक आणि राजकीय हक्क सांभाळणे, त्यांची नैतिक आणि बौद्धिक पातळी उंचावणे, मालक आणि रोजंदार यांच्यामधले अंतर कमी करणे, धंद्याची इभ्रत राखणे, बेकारांना हात देणे. संप हे यातले एक साधन, तेही शेवटचे. उलट युनियन असली की संप कमी होतील, कारण प्रत्येक संपाची मागणी आधी इतर धंद्यांचे प्रतिनिधी तपासून घेतील, असे तो मालकांना समजावतो. एकत्र येणे बेकायदा आहे या आक्षेपाला त्याचे उत्तर सरळ आहे: मालक आपसात ठरवून भाव बांधतात, मग मजुरांनी आपसात ठरवून मजुरी बांधली तर तो गुन्हा कसा?

आणि या सगळ्या भाषणात 'कामगार' म्हणजे कोण? मेकॅनिक. त्या काळी हा शब्द कुशल हातकारागिरासाठी वापरत. शिंपी, सुतार, मुद्रक, पाथरवट, खुर्च्या करणारा, पुस्तके बांधणारा. गोदीवरचा हमाल या सभेत नाही. कपडे शिवून पोट भरणारी बाई नाही. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपून सहाच वर्षे झाली होती. त्या मुक्त काळ्या माणसाचा तर विषयच नाही. मूरने यांना मुद्दाम वगळले, असे पुस्तिका दाखवत नाही. ते त्याच्या आणि त्याच्या श्रोत्यांच्या नजरेतच नव्हते. या नजरेपाशी पुढे परत यावे लागेल.

ऑगस्ट १८३४ मध्ये न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बोस्टन, ब्रुकलिन अशा शहरांतल्या संघांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि नॅशनल ट्रेड्स युनियन उभी राहिली. अध्यक्ष पुन्हा मूर. तिचे 'नॅशनल ट्रेड्स युनियन' हे साप्ताहिकही त्याच्याच संपादकत्वाखाली निघू लागले. या अधिवेशनाचे इतिवृत्त साप्ताहिकात छापले गेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॉमन्स आणि हेलन समनर यांनी ते आपल्या कागदपत्रसंग्रहात पुन्हा छापले, म्हणून आज सहज वाचता येते. त्यातला एक वाद मोलाचा आहे. ठरावाच्या मसुद्यात श्रमिकांच्या राजकीय स्थितीचा उल्लेख होता. त्यावर प्रतिनिधींची जुंपली. काहींचे म्हणणे, राजकारणाशिवाय कायदे बदलणार नाहीत. इतरांना धास्ती होती ती पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवाची: १८२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेला वर्किंगमेन्स पार्टी हा पक्ष गटबाजीत आणि व्यावसायिक राजकारण्यांच्या डावात बघता बघता मोडला होता. शेवटी राजकीय हा उल्लेख गाळला गेला आणि त्याच्या जागी बौद्धिक असे घातले गेले.

हा ठराव झाला ऑगस्टमध्ये. नोव्हेंबरमध्ये त्याच अधिवेशनाचा अध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर काँग्रेसला निवडून आला.

यात ढोंग पाहण्याआधी निवडणूक कशी चालायची ते पाहावे. न्यूयॉर्क शहराला प्रतिनिधीगृहात चार जागा होत्या आणि चारही एकाच मतदारसंघातून, म्हणजे साऱ्या शहरातून, भरायच्या. मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. मतदाराच्या हाती पक्षाची छापील चिठ्ठी पडे, चार नावांची. शहराच्या डेमोक्रॅटिक पक्षाची सूत्रे टॅमनी सोसायटीच्या हाती होती आणि त्या चिठ्ठीवर कोणाची नावे घालायची हे टॅमनी हॉलमध्ये ठरे. तेव्हा मेकॅनिकांचा माणूस वॉशिंग्टनला जायचा तर त्याला टॅमनीच्या चिठ्ठीवरूनच जाणे भाग होते. टॅमनीलाही त्याची गरज होती. जॅक्सन अध्यक्ष, युनायटेड स्टेट्स बँकेविरुद्धचे त्याचे युद्ध ऐन भरात, आणि मेकॅनिकांची हजारो मते व्हिग पक्षाकडे सरकू नयेत ही चिंता. दोन्ही बाजूंची गरज जुळली.

पण या सौद्याला एक गाठ होती आणि तिचा कागद शिल्लक आहे. राज्याच्या तुरुंगांत, विशेषतः सिंग सिंग आणि ऑबर्नमध्ये, कैद्यांकडून ठेकेदारांसाठी दगड घडवणे, कुलपे, जोडे, खुर्च्या असली कामे करून घेतली जात. ठेकेदाराला कैद्याची मजुरी स्वस्त पडे आणि तो माल शहरातल्या कारागिराच्या मालाशेजारी येऊन बसे. मेकॅनिकांचा यावर इतका राग होता की १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या नव्या इमारतीसाठी सिंग सिंगचा घडवलेला दगड वापरला जातो म्हणून, पाथरवटांनी दंगा केला. फौज बोलवावी लागली आणि सत्ताविसाव्या रेजिमेंटने वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये काही दिवस तळ ठोकला. त्याच वर्षी राज्य सरकारने तुरुंगातल्या श्रमाची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. त्यात मूर होता.

आयोगाचा अहवाल आला जानेवारी १८३५ मध्ये, म्हणजे निवडणूक पार पडल्यावर. कैद्यांच्या मालामुळे मेकॅनिकांचे होणारे नुकसान जितके सांगितले जाते तितके नाही, काही थोड्या धंद्यांनाच ते जाणवते, आणि कैद्यांना यापुढे परदेशातून येणाऱ्या मालाचे धंदे शिकवावेत, असा त्याचा सूर होता. रेशीम काढणे हा त्यातला एक सुचवलेला उपाय. खाली मूरची सही. मेकॅनिक खवळले. ज्याने चॅटम स्ट्रीटवर आपली बाजू मांडली त्यानेच ठेकेदारांची बाजू घेतली, असा सभांतून भडिमार झाला. मूरने अहवालाचे समर्थन केले, पण युनियनमधले त्याचे वजन पूर्वीसारखे राहिले नाही. १८३५ पासून युनियनचे अध्यक्ष म्हणून जॉन कॉमरफर्ड या खुर्च्या बनवणाऱ्या कारागिराचे नाव पुढे येते. तो मूरपेक्षा कडक आणि टॅमनीपासून दूर.

या सहीचा अर्थ काय लावायचा? मूर विकला गेला, हा एक अर्थ. त्याच्या विरोधकांनी तोच लावला. अहवाल आणि १८३३ ची पुस्तिका लागोपाठ वाचल्यावर मला दुसरा अधिक संभवनीय वाटतो. पुस्तिकेत मूरचा सारा जीव एका गोष्टीत अडकला आहे: धंद्याची इभ्रत. कैद्याला सुतारकाम शिकवले की सुतारकाम हलके होते. तुरुंगातून सुटलेला चोर उद्या माझ्या शेजारी रंधा मारायला उभा राहील, ही मेकॅनिकांची मोठी तक्रार होती. आयोगाचा उपाय त्या तक्रारीला धरून आहे. प्रतिष्ठित धंदे कैद्यांपासून वेगळे काढा, त्यांना देशात कोणी करत नाही अशा कामाला लावा. ठेकेदारीची पद्धत मात्र तशीच राहू द्या. पाथरवटाला हवे होते वेगळेच. त्याला ठेकेदार नको होता. पुढारी मानाच्या प्रश्नावर अनुयायांबरोबर होता आणि पैशाच्या प्रश्नावर नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये मूरच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला दिवस २८ एप्रिल १८३६. दक्षिण कॅरोलायनाचे वॉडी थॉम्प्सन यांनी उत्तरेकडच्या मजुरांवर शेरा मारला होता. ही मंडळी म्हणजे चोर आहेत. मजुरी वाढवून घेतील ती बंड करून, नाही तर त्याहून भयंकर उपायाने, म्हणजे मतपेटीने, असा त्याचा आशय. दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा हा आवडता युक्तिवाद होता: आमच्या गुलामांना मत नाही म्हणून आम्ही सुरक्षित, तुमच्या मजुरांना मत आहे, तेव्हा तुमची मालमत्ता धोक्यात. मूर प्रकृतीने बरा नव्हता, तरी उत्तराला उभा राहिला.

त्या उत्तराचीही पुस्तिका निघाली आणि ती अमेरिकी कामगार चळवळीच्या सुरुवातीच्या कागदांत मानाने गणली जाते. मूर म्हणतो, लोकशाहीला धोका खालून नाही, वरून आहे. थोड्यांच्या हाती संपत्ती आणि सत्ता साठली म्हणून प्रजासत्ताके बुडाली. कष्टकऱ्यांनी एकही बुडवले नाही. ज्यांच्याजवळ हिरावून घ्यावे असे काही नाही त्यांना अत्याचाराची हौस नसते, त्यांना हवी असते सुरक्षितता. बँका, सनदी कंपन्या, मक्ते देणारे कायदे हे सारे संपत्तिवाल्यांनी एकत्र येऊन मिळवलेले. त्याला कोणी कट म्हणत नाही. युनियन ही त्याविरुद्ध उभारलेली भिंत. बोलता बोलता आवाज चढत गेला, आणि मग मूर कोसळला. भाषण तुटले. सभागृहात गोंधळ झाला. प्रतिनिधीगृहाच्या इतिहासात श्रमिकाच्या बाजूने झालेल्या पहिल्या मोठ्या भाषणाचा शेवट असा भोवळीत झाला.

नाट्य बाजूला ठेवून भाषणात काय नाही ते पाहू. थॉम्प्सनने उत्तरेच्या मजुरांची तुलना गुलामांशी केली होती. याला एक उघड उत्तर होते: तुम्ही माणसांना गुलाम करता, तुम्ही मजुरांना चोर कसे म्हणता? मूर ते देत नाही. तो संपत्तीवर बोलतो, मक्त्यांवर बोलतो, रोमवर बोलतो. गुलामगिरीवर बोलत नाही. त्याची चीड आहे ती उत्तरेकडच्या स्वतंत्र, मताधिकारी, गोऱ्या मेकॅनिकाला गुलामाच्या पंक्तीला बसवले याची. महिन्याभरातच, २६ मे रोजी, गुलामगिरीविरोधी अर्ज सभागृहाने न वाचताच टेबलावर ठेवावेत असा ठराव मंजूर झाला आणि अर्ज करण्याच्या हक्कासाठी सभासद जॉन क्विन्सी अॅडम्सची वर्षानुवर्षांची झुंज सुरू झाली. त्या झुंजीत मूर अॅडम्सच्या बाजूला सापडत नाही.

न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमारास मूरच्या भाषणातल्या 'कटा'चा निकाल कोर्टात लागत होता. संप केल्याबद्दल वीस शिंप्यांवर धंद्याला अपाय करणारा कट केल्याचा खटला चालला. न्यायमूर्ती ऑग्डन एडवर्ड्स यांनी असले संघ परदेशातून आलेले आहेत आणि परदेशी लोकच ते चालवतात, असे ठणकावले. शहरभर शवपेटीचे चित्र असलेली पत्रके लागली होती: कोर्टात या, स्वातंत्र्याला मूठमाती देताना पाहा, अशा अर्थाची. ११ जूनला शिक्षा झाली. अध्यक्षाला १५० डॉलर दंड, दुसऱ्या एकाला १००, बाकी अठरा जणांना प्रत्येकी ५०. एकूण ११५० डॉलर. दोन दिवसांनी सिटी हॉलच्या पार्कात निषेधसभा झाली. वर्तमानपत्रांनी गर्दी २७,००० सांगितली. त्या सभेने टॅमनी आणि व्हिग दोघांपासून फटकून कारागिरांचे स्वतंत्र अधिवेशन युटिकाला भरवण्याचे ठरवले.

म्हणजे १८३६ च्या शरदात मूर एका विचित्र जागी उभा होता. शहरात टॅमनीतून फुटलेला लोकोफोको गट होता. आदल्या वर्षी २९ ऑक्टोबरला टॅमनी हॉलच्या सभेत नेत्यांनी गॅसचे दिवे बंद केले, तेव्हा बंडखोरांनी लोकोफोको नावाच्या नव्या काड्या ओढून मेणबत्त्या लावल्या आणि सभा चालवली. त्यावरून हे नाव पडले. त्यांनी टॅमनीच्या उमेदवारांविरुद्ध आपले उमेदवार उभे केले, पण त्यांतल्या मूर आणि केंब्रेलेंग या दोघांना पाठिंबा दिला. निकालात हे दोघे टिकले. शहराच्या उरलेल्या दोन जागा व्हिगांच्या ऑग्डन हॉफमन आणि एडवर्ड कर्टिस यांनी घेतल्या. तुरुंग-अहवालाचा राग दोन वर्षांच्या आत एका भाषणाने धुऊन काढला होता.

त्यानंतर सारे भराभर ओसरले. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले, धंदे बसले, बेकारांचे तांडे झाले आणि जनरल ट्रेड्स युनियन आपोआप विरघळली. कामच नाही तिथे संप कशाचा. ज्या संघटनेने मूरला उभे केले ती राहिली नाही. राहिला फक्त पक्ष. १८३८ च्या निवडणुकीत शहराच्या चारही जागा व्हिगांनी जिंकल्या. मूर पडला, पण मुदत ३ मार्च १८३९ पर्यंत होती.

त्या उरलेल्या महिन्यांतले ४ फेब्रुवारी १८३९ चे त्याचे भाषण कामगार इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच भेटते. हेही छापलेले आहे. राजधानीच्या, म्हणजे डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या, रहिवाशांचे एक निवेदन मूरने सभागृहापुढे ठेवले. तिथली गुलामगिरी रद्द करा असे अर्ज बाहेरच्यांकडून येतात, ते स्वीकारू नयेत, अशी त्यात मागणी होती. निवेदन मांडून मूर गुलाममुक्तीवाद्यांवर तुटून पडला. आणि त्याचा मुख्य मुद्दा होता मजुरीचा. दक्षिणेतले गुलाम मुक्त झाले तर ते उत्तरेकडे लोटतील, गोऱ्या कष्टकऱ्याशी कामासाठी चढाओढ करतील, मजुरी पडेल, आणि प्रतिष्ठित धंदा करणारा गोरा माणूस काळ्याच्या पातळीवर ओढला जाईल. गुलामांना सोडवायला निघालेले हे परोपकारी लोक उत्तरेतल्या मजुराचे शत्रू आहेत. तीनच दिवसांनी, ७ तारखेला, सेनेटमध्ये हेन्री क्लेने अशाच निवेदनाच्या निमित्ताने गुलाममुक्तीवाद्यांविरुद्ध आपले गाजलेले भाषण केले. क्ले व्हिग, मूर डेमोक्रॅट. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष या मुद्द्यावर एका सुरात बोलत होते.

आता चार कागद ओळीने लावा. १८३३: धंद्याची इभ्रत. १८३५: कैद्याच्या शेजारी रंधा मारावा लागू नये. १८३६: गुलामाच्या पंक्तीला बसवू नका. १८३९: मुक्त काळ्या मजुराशी चढाओढ नको. भाषेचा कस बदलतो, शत्रू बदलतो, पण बाजू मांडली जाते ती एकाचीच, गोऱ्या कुशल कारागिराची. त्याच्या वर चढून बसलेल्यांविरुद्ध मूर जितक्या पोटतिडकीने बोलतो तितक्याच पोटतिडकीने खालून येणाऱ्यांविरुद्धही. म्हणून १८३९ ला मी फितुरी म्हणणार नाही. फितुरी म्हटले की आधीची भाषणे आपोआप निर्मळ ठरतात, आणि ती तशी नाहीत. १८३६ च्या भाषणातले मौन आणि १८३९ चा आरडाओरडा एकाच नजरेतून आले आहेत.

अध्यक्ष व्हॅन ब्यूरनने १८३९ मध्येच मूरला न्यूयॉर्क बंदराचा सर्व्हेयर नेमले. दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांना दुखवायचे नाही आणि उत्तरेतल्या मेकॅनिकांनाही धरून ठेवायचे, ही व्हॅन ब्यूरनची जुनी कसरत होती. दोन्ही दोऱ्या हाती असलेला माणूस त्याच्या उपयोगाचा. याच व्हॅन ब्यूरनने ३१ मार्च १८४० रोजी सरकारी बांधकामांवर दहा तासांचा दिवस लागू केला, ज्यासाठी नॅशनल ट्रेड्स युनियनने काँग्रेसकडे व्यर्थ याचना केली होती. जे सभागृहाकडून मिळाले नाही ते अध्यक्षाच्या हुकमाने मिळाले. यावरून डेमोक्रॅटिक पक्षात राहण्यात मूरसारख्यांना शहाणपण वाटले असेल, तर नवल नाही.

बंदरावरची नोकरी १८४५ पर्यंत चालली. त्यापुढच्या पदांवर रेंगाळण्याचे कारण नाही. डेमोक्रॅटिक अध्यक्ष आला की पद, तो गेला की वर्तमानपत्र, असा तो क्रम आहे. कॅन्ससची कागदपत्रे मात्र वेगळ्या प्रकारची. तिथे आपल्याला मूरचा मुलगा भेटतो, त्याचेही नाव ईली मूर. बापाबरोबर तो तिकडे गेला होता. १८५४ मध्ये मायामींबरोबर केलेली रानरेड्यांची शिकार, ओसावाटोमी गावाचे नाव कसे पडले, गुलामगिरीविरोधी लढवय्या जॉन ब्राउनशी आलेले प्रसंग, अशा आठवणी त्याने लिहिल्या आणि कॅन्सस राज्य इतिहास संस्थेच्या संग्रहांत त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापल्या गेल्या. अर्धशतकानंतर लिहिलेल्या मुलाच्या आठवणी म्हटल्यावर त्या सावधपणेच वाचायच्या. बापाच्या मोठेपणाचे प्रसंग त्यांतून उचलण्याचे मी टाळले आहे. एवढे मात्र त्यांतून आणि सरकारी कागदांतून पक्के होते की मूर कुटुंब त्या प्रदेशात आले ते तो गोऱ्या वसाहतीला खुला करणारा १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा होण्याआधी, मायामींची जमीन त्यांच्या हातून जात असताना. ५ जून १८५४ च्या वॉशिंग्टन करारान्वये मायामींनी आपल्या राखीव प्रदेशाचा बहुतेक भाग सरकारला दिला. एजंट म्हणून मूर या जमातीचा सरकारशी बोलणारा दुवा होता आणि वर्षभराने तो गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जमिनी नोंदवणाऱ्या कचेरीत गेला.

जमीन-कचेरीत दोन अधिकारी असत. रजिस्टर दाव्याची नोंद करी, रिसीव्हर पैसे घेई. १८४१ च्या कायद्याप्रमाणे जमिनीवर आधी येऊन वस्ती केलेल्या माणसाला १६० एकरपर्यंत जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत घेता येई. त्यासाठी त्याने रजिस्टरपुढे येऊन शपथ घ्यायची. गुलामगिरीवाले आणि विरोधक यांच्यात कॅन्ससमध्ये चाललेला रक्तपात शेवटी जमिनीवर कोण वस्ती करतो यावरच ठरणार होता, तेव्हा लेकॉम्प्टनच्या त्या टेबलाला महत्त्व होते. मूरला तिथे नेमले अध्यक्ष पियर्सच्या आणि ठेवले अध्यक्ष ब्युकॅननच्या सरकारने. दोघेही दक्षिणेला सांभाळून घेणारे डेमोक्रॅट.

न्यूयॉर्कच्या जुन्या मंडळींपैकी जॉर्ज हेन्री इव्हान्स हा मुद्रक-संपादक 'वर्किंग मॅन्स अॅडव्होकेट' या पत्रातून एकच मागणी करत आला होता: सार्वजनिक जमीन कामगारांना फुकट द्या, म्हणजे शहरातला रोजंदार मालकापुढे लाचार राहणार नाही. तो १८५६ मध्ये वारला. कॉमरफर्ड, जो १८३५ मध्ये मूरच्या जागी युनियनच्या अध्यक्षपदी आला होता, याच जमीन-सुधारणेच्या चळवळीत पडला आणि १८६० मध्ये न्यूयॉर्कमधून रिपब्लिकनांच्या बाजूने काँग्रेससाठी उभा राहिला. एकाच युनियनचे लागोपाठचे दोन अध्यक्ष पंचवीस वर्षांत देशाच्या दोन टोकांना गेले होते. त्या अर्थी १८३३ च्या पुस्तिकेतून लेकॉम्प्टनला जाणारा रस्ता अटळ नव्हता. तोच माल घेऊन कॉमरफर्ड दुसरीकडे गेला. तो टॅमनीबाहेर राहिला आणि युनियन मोडल्यावरही त्याने जमिनीचा प्रश्न धरून ठेवला.

मूरविषयीचे कागद आज तीन वेगळ्या कपाटांत पडलेले आहेत. १८३३ आणि १८३४ चे कॉमन्सच्या कामगार-संग्रहात. १८३९ चे गुलामगिरीच्या वादाच्या पुस्तिकांत. १८५४ नंतरचे कॅन्ससच्या संग्रहांत. कामगारांचा इतिहास लिहिणारा पहिल्या कपाटाशी थांबतो आणि पहिला कामगार प्रतिनिधी म्हणून मूरचा गौरव करतो; कॅन्ससचा इतिहास लिहिणाऱ्याला तो जमीन-कचेरीचा एक रजिस्टर दिसतो. इव्हान्सने मागितली तशी जमीन, १६० एकर, फुकट देणाऱ्या होमस्टेड कायद्यावर लिंकनने सही केली २० मे १८६२ रोजी, मूरच्या मृत्यूनंतर सव्वादोन वर्षांनी. मूरला लेकॉम्प्टनजवळच्या त्याच्या स्वतःच्या शेतात पुरले आहे.